खिशातली तक्रार

माझ्या इमारतीत तक्रार शिळी होत नाही, असं मी एकोणीस वर्षं चारचौघांत छाती फुगवून सांगत आलो. अठ्ठेचाळीस फ्लॅट, दोन लिफ्ट, गच्चीवर तीन टाक्या आणि या सगळ्याचा कारभारी मी एकटा. कंपनीच्या कॉम्प्युटरवर प्रत्येक इमारतीच्या तक्रारींचं पान असतं. मिटलेली तक्रार हिरवी, न मिटलेली लाल. इतर मॅनेजरांची पानं बघितली की इमारतीला गोवर आलाय असं वाटावं. माझं पान मात्र कायम हिरवंगार. हेड ऑफिसच्या साहेबांनी दोनदा मीटिंगमध्ये सगळ्यांना ते पान दाखवलं आणि म्हणाले, "शिका जरा."

काय शिकायचं होतं ते मी कुणालाच सांगितलं नाही. युक्ती अगदी साधी होती. तक्रार आली की ती कॉम्प्युटरवर चढवायचीच नाही. चिठ्ठीवर लिहायची, शर्टाच्या खिशात टाकायची, आणि काम झालं की मग नोंद करायची: आज तक्रार आली, आजच मिटली. नळ पंधरा दिवस गळत असला तरी कागदोपत्री तो सकाळी गळायला लागे आणि संध्याकाळी थांबे. मला यात काही वावगं वाटत नव्हतं. कामं मी करतच होतो, अगदी मरमर मरून करत होतो. मागे पडलेल्या कामांचा गवगवा तेवढा होऊ द्यायचा नाही, इतकंच.

भाडेकरूंनाही हे सोयीचं होतं. ऑफिसात येऊन फॉर्म भरायचा कंटाळा सगळ्यांनाच असतो. त्यापेक्षा मला जिन्यात गाठायचं, नाहीतर लिफ्टच्या दारात पाय घालून थांबवायचं आणि म्हणायचं, "मॅनेजर, तेवढं बघा हं." मी खिशावर हात थोपटून म्हणायचो, "इथे आलं म्हणजे झालंच." बायको म्हणायची, "तुमचा एक शर्ट धुतला की अख्खी इमारत धुऊन निघते." कारण खिसे रिकामे करायला मी विसरायचो आणि वाळलेल्या शर्टातून कागदाचा लगदा निघायचा. मग मी आठवून आठवून नव्या चिठ्ठ्या करत बसायचो. ती हसायची, मीही हसायचो.

तिसऱ्या मजल्यावरच्या काकू एकट्या राहतात. काकांना जाऊन दहा वर्षं झाली, मुलगी लग्न होऊन दुसऱ्या शहरात. काकूंनी बत्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून काढली, आणि तेव्हाचे शेकडो नंबर अजून त्यांना तोंडपाठ. त्यांच्या घरात वही नाही, डायरी नाही, कॅलेंडरवर साधी खूण नाही. "लिहायचं कशाला? डोकं काय भाड्याने दिलंय?" म्हणायच्या. गच्चीवरची टाकी शेवटची कधी धुतली, लिफ्टची दोरी कोणत्या साली बदलली, हे मला आठवेनासं झालं की मी खुशाल त्यांची बेल वाजवायचो. दारातच तारखेसकट उत्तर मिळायचं. त्या बाईंच्या डोक्याच्या जिवावर मी कितीदा साहेबांपुढे शहाणा ठरलो, ते माझं मलाच माहीत.

त्यांच्या बाथरूममध्ये धरून उठण्यासाठी भिंतीला स्टीलचा दांडा लावलेला होता. तो हलायला लागला, आणि त्यांनी मला ते तीनदा सांगितलं.

पहिल्यांदा जिन्यात. मी स्टुलावर उभा राहून बल्ब बदलत होतो. त्या महिन्यातला तो तिसरा बल्ब, त्यामुळे माझं डोकं आधीच तापलेलं. काकू खालून म्हणाल्या, "मॅनेजर, माझ्या बाथरूममधला दांडा हलतोय हो." मी वरूनच म्हणालो, "काकू, दांडा हलतोय की तुम्हीच हलताय?" जिन्यात आम्ही दोघंच होतो. मला माझाच विनोद आवडला आणि मी हसलो. काकूही हसल्या, पण जरा उशिराने.

दुसऱ्यांदा लिफ्टच्या दारात, आठवड्याभराने. तिसऱ्यांदा त्यांनी मला घरात नेऊन दाखवलंच. मी दोन बोटांनी दांडा हलवला, तर भिंतीतले स्क्रू पुढे आले आणि परत आत गेले. "उद्या प्लंबरला पाठवतो," म्हणालो. चिठ्ठी लिहिली, खिशात टाकली. दुपारी जेवताना बायकोलाही म्हणालो, की काकूंचा दांडा आधी बघायला हवा, नाहीतर आपटतील. मग गच्चीवरच्या टाक्या धुवायचं काम निघालं, पंप बिघडला, आणि तो शर्ट धुण्यात गेला. विसरलो, असं सांगायला मला फार आवडलं असतं. पण मी विसरलो नव्हतो. दर दोन दिवसांनी मला तो दांडा आठवायचा आणि मी मनाशी 'उद्या' म्हणायचो.

एका गुरुवारी सकाळी खालच्या मजल्यावरच्या भाडेकरूने धावत येऊन सांगितलं, की वर काहीतरी जोरात पडलं. मी किल्ल्यांच्या बोर्डावरून काकूंची किल्ली काढली आणि दार उघडलं. काकू बाथरूमच्या फरशीवर पडल्या होत्या. दांडा त्यांच्या हातातच होता, स्क्रूंसकट. त्या मला म्हणाल्या, "निघाला बघा शेवटी." दोष दिल्यासारखं नाही, बातमी दिल्यासारखं.

मनगट मोडलं होतं, कमरेला मुका मार लागला होता. त्यांना दवाखान्यात पोचवून मी परत आलो आणि सगळ्यात आधी प्लंबरला बोलावलं. दुपारी दोनपर्यंत भिंतीवर नवा कोरा दांडा बसला. मग ऑफिसात येऊन मी नेहमीसारखी नोंद केली: दांडा निखळला, तक्रार आज आली, आज मिटली. पान हिरवं झालं. हात जरासुद्धा थरथरला नाही, हे आता आठवलं की माझ्याच हाताची मला किळस येते.

तीन दिवसांनी काकूंची मुलगी ऑफिसात आली. तिच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती, आवाज मात्र शांत होता. समोरच्या खुर्चीत बसून ती म्हणाली, "मला तुमच्याकडून एकच गोष्ट हवी आहे. भांडायला नाही आले मी. आई म्हणते, तिने तुम्हाला दांड्याबद्दल तीनदा सांगितलं होतं. वारासकट सांगते. खरंच सांगितलं असेल तर हा अपघात झाला, हात बरा झाला की ती इथे राहील. पण सांगितलंच नसेल आणि तिला नुसतं तसं वाटत असेल, तर मी तिला एकटीला कशी ठेवू? मागच्या महिन्यात गॅसही चालू राहिला होता. आमच्याकडे म्हाताऱ्या माणसांसाठी एक जागा आहे, चोवीस तास कुणीतरी असतं. तिला तिथे यायचं नाहीये, ती रडते. म्हणून विचारते. सांगितलं होतं का तिने?"

इतकं सरळ मला आयुष्यात कुणी विचारलं नव्हतं. 'हो' एवढंच म्हणायचं होतं. पण पुढच्या आठवड्यात साहेब तपासणीला येणार होते. तळमजल्यावरची आमची दोन खोल्यांची जागा नोकरीबरोबर आलेली, नोकरीबरोबरच जाणारी. हे सगळं एका क्षणात डोक्यातून गेलं. मी कॉम्प्युटर तिच्याकडे वळवला आणि म्हणालो, "बघा, गुरुवारच्या आधीची नोंद तर काही नाही."

तिने ते हिरवं पान वरपासून खालपर्यंत बघितलं. "म्हणजे नाहीच सांगितलं," ती म्हणाली. मी काही बोललो नाही. खोटं मी एक अक्षरही बोललो नव्हतो, अशी मी माझीच समजूत घालत होतो. ती उठली आणि जाताना "थँक्यू" म्हणाली.

बायकोला हे कळलं तेव्हा ती कपड्यांच्या घड्या घालत होती. "अहो, पण तुम्ही मलासुद्धा म्हणाला होतात," ती म्हणाली. "दांडा बघायला हवा, आपटतील म्हणून."

"तुला काय करायचंय? तू घड्या घाल," मी तिच्या अंगावर ओरडलो. तिने माझ्या शर्टाची घडी घातली, खिसा दोन बोटांनी उघडून आत बघितलं, आणि शर्ट कपाटात ठेवला. त्यानंतर कितीतरी दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलत होती.

काकू घरी आल्या त्याच दिवशी त्यांनी मला वर बोलावलं. हात प्लॅस्टरमध्ये, पण पाठ ताठ. मुलगी शेजारी उभी होती. "आता हिच्यासमोरच विचारते," काकू म्हणाल्या. "मॅनेजर, मी तुम्हाला सांगितलं होतं की नाही? एकदा जिन्यात, एकदा लिफ्टपाशी, आणि एकदा इथे, या बाथरूममध्ये. तुम्ही हात लावून बघितलंत."

त्यांच्या डोळ्यांत शंकेचा लवलेशही नव्हता. मी आत्ता 'हो' म्हणणार आणि मुलीचं तोंड बंद होणार, याची त्यांना खात्री होती. मी खाली बघत म्हणालो, "काकू, तुम्ही दुसरं काहीतरी सांगितलं असेल. इतकी माणसं इतकं सांगतात. कधी कधी आपल्याला वाटतं, सांगितलं म्हणून."

त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. मला खोटारडा म्हणाल्या असत्या तर मी भांडलो असतो, भांडणात मी कुणाला हार जात नाही. पण त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग मुलीकडे, मग नव्या दांड्याकडे. आणि त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. "असेल बाई," त्या मुलीला म्हणाल्या. "मॅनेजर कशाला खोटं बोलतील? माझंच डोकं गेलेलं दिसतंय." मुलीने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मी जिना उतरून खाली आलो आणि पंपाच्या खोलीत दार लावून उभा राहिलो. लाज वाटते म्हणजे काय होतं, ते मला तिथे कळलं. अंगाला घाम येतो आणि कुणी हाक मारू नये असं वाटतं.

पुढच्या आठवड्यात मुलीने फ्लॅट सोडण्याची नोटीस दिली. साहेब तपासणीला आले, हिरवं पान बघून खूश होऊन गेले. आणि पुढच्या महिनाअखेरीला मला काकूंच्या घरी जावंच लागलं, कारण भाडेकरू जागा सोडतो तेव्हा मॅनेजरने यादी घेऊन एकेक खोली तपासायची असते. भिंती, खिडक्या, नळ, बटणं. प्रत्येकापुढे 'ठीक' किंवा 'नादुरुस्त' लिहायचं.

बाहेरच्या खोलीत खोकी रचलेली होती. मुलगी आत भांडी बांधत होती, चिकटपट्टी ओढल्याचा आवाज येत होता. काकू खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या आणि त्यांच्या मांडीवर एक वही होती. त्या घरात मी पहिल्यांदाच वही बघितली.

"डॉक्टरांनी सांगितलंय," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज बारीक झाला होता. "काय काय आठवतं ते लिहायचं आणि खरं काय, मनचं काय, ते कुणाकडून तरी तपासून घ्यायचं. हिला इथलं काय माहीत? तुम्हाला सगळं माहीत असतं. जाण्याआधी तेवढं बघून द्याल का?"

मी वही घेतली. अक्षर वेडंवाकडं होतं, डाव्या हाताने लिहिलेलं. गच्चीची टाकी पाच तारखेला धुतली. लिफ्टची दोरी बदलली तेव्हा तीन दिवस लिफ्ट बंद होती. चौथ्या मजल्यावरच्या बाळाचा जन्म पंप बिघडला त्या दिवशीचा. सगळ्यापुढे प्रश्नचिन्हं होती आणि सगळं बरोबर होतं. वाचल्याशिवाय मला स्वतःला त्यातलं निम्मंही आठवलं नसतं.

पहिल्या पानाच्या वरच मात्र दोन ओळी होत्या, त्यांच्यापुढे प्रश्नचिन्ह नव्हतं. एक अशी: 'दांड्याबद्दल मॅनेजरना सांगितलं. मनचं.' आणि तिच्याखाली: 'जिन्यात मॅनेजर मला लागेल असं बोलले आणि हसले. हेही मनचंच. ते तसे नाहीत.'

मी ती दुसरी ओळ दोनदा वाचली. हातातली यादी खाली पडली, ती उचलायचंही सुचलं नाही.

"काकू, मी तसाच आहे," मी म्हणालो. "तुम्ही मला सांगितलं होतं. तीनदा. मी नोंद केली नाही आणि नंतर खोटं बोललो. तुमच्या डोक्याला काहीही झालेलं नाही."

त्या समजुतीने हसल्या. लहान मुलाने खाऊतला वाटा पुढे केल्यावर हसावं तशा. "राहू द्या हो," म्हणाल्या. "माझं मन राखायला कशाला स्वतःवर घेताय? जायचं ते ठरलंय आता. मी त्रागा नाही करत."

खरं बोलायला इतका उशीर केला होता की ते माझ्या चांगुलपणात जमा होत होतं. मला तिथेच जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. माझ्याकडे पुरावा काहीच नव्हता, चिठ्ठीचा तर लगदा झालेला. एकच गोष्ट होती जी त्यांच्या वहीत लिहिलेली नव्हती आणि जिन्यात आम्हा दोघांशिवाय कुणी ऐकली नव्हती.

"मी बल्ब बदलत होतो," मी म्हणालो. "तुम्ही खालून म्हणालात, दांडा हलतोय. आणि मी वरून म्हणालो..." मी वहीतल्या त्या ओळीवर बोट ठेवलं. "मी म्हणालो, काकू, दांडा हलतोय की तुम्हीच हलताय?"

काकूंचं हसू थांबलं. त्यांचा प्लॅस्टरचा हात खुर्चीच्या दांडीवरून हळूच मांडीवर आला.

"सोमवारी," मी उगाच काहीतरी बोलायचं म्हणून बोललो.

"मंगळवारी," काकू म्हणाल्या. "सोमवारी जिना धुतला होता, मी खाली उतरलेच नव्हते." आवाज पूर्वीचा होता, एक्स्चेंजमधला. मग त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसले नाहीत. "सहा आठवडे," त्या म्हणाल्या. "सहा आठवडे मी रोज सकाळी उठून स्वतःचं नाव आठवून बघते. गॅस बंद केला की तीनदा बघते. आरशात बघून घाबरते. हे तुम्ही केलंत मला? एका दांड्यासाठी?"

माफ करा म्हणायला तोंड उघडलं, तर त्यांनी डावा हात वर करून थांबवलं.

"हिला हाक मारा. हिला सांगा. मला सांगितलंत तसंच. त्या वाक्यासकट."

मुलगी बाहेर आली तेव्हा तिच्या हातात चिकटपट्टी होती. मी सगळं सांगितलं. चिठ्ठ्या, खिसा, हिरवं पान, तिच्यासमोर फिरवलेला कॉम्प्युटर, आणि ते वाक्य. दोनदा मी काकूंकडे बघितलं. काकूंनी मान हलवली, म्हणजे पुढे बोला. मुलगी हळूहळू एका खोक्यावर बसली. तिने मला शिवी दिली नाही. ती आईकडे वळून म्हणाली, "आणि मी पण तुझ्यावर विश्वास नाही ठेवला गं." मग त्या दोघी एकमेकींकडेच बघत होत्या, मी तिथे नसल्यासारखा. ते बरोबरच होतं.

खाली येऊन मी कॉम्प्युटरवर तीन तक्रारी चढवल्या, खऱ्या तारखांनी, मंगळवारासकट. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या पानावर लाल रंग दिसला. साहेबांचा फोन अर्ध्या तासात आला. आम्हाला पंधरा दिवसांत तळमजला रिकामा करायचाय. बायको खोकी भरतेय. माझ्या शर्टांचे खिसे ती आता बघत नाही, मीच बघतो. काकूंची खोकी उघडली गेली. नोटीस मुलीने परत घेतली, तो कागद द्यायला आली तेव्हा टेबलावर ठेवून न बोलता गेली.

त्या दिवशी वर, दारातून बाहेर पडताना, काकूंनी मला हाक मारली होती. मला वाटलं, आता काहीतरी मऊ बोलतील. मी वळलो. त्यांनी वही माझ्यापुढे धरली.

"ही घेऊन जा," त्या म्हणाल्या. "मला लागत नाही. तुम्हाला लागेल."

तीच ही वही. पहिली चार पानं त्यांची आहेत, डाव्या हाताने लिहिलेली. पुढचं सगळं मी लिहिलंय.